पुढचा डावा खांदा

सोमवार, २ ऑक्टोबर १९६७

गांधी जयंती म्हणून दुकान बंद. मुलाला, नागराजला, नंजनगूडच्या कारखान्यातून ही वही मिळाली होती, ती त्याने मला दिली. देवळाचं काम डोक्यात ठेवून शिवायला बसलं की शर्टाच्या बाह्या उलट्या लागतात, तेव्हा इथे लिहून डोकं मोकळं केलेलं बरं.

काल कमिटी बसली. विठ्ठल मंदिराचा सेक्रेटरी म्हणून माझं हे सहावं वर्ष. अध्यक्ष नरसिंगराव. लष्कर मोहल्ल्यात त्यांचं कापडाचं दुकान आहे, आणि ते बोलले की ठराव झाला असं धरायचं असतं. पालखी कोणी उचलायची याचा लेखी नियम करायचा, आणि तो कार्तिकी एकादशीच्या आत करायचा, असं ठरलं. लिहायचा मी.

कारण सर्वांना ठाऊक आहे. आषाढीला लाकूडवखारीच्या कोपऱ्यावर वळताना पालखी डावीकडे कलली आणि देवाचा मुकुट सरकून खांद्यावर आला. खाली पडला नाही, पण बायकांनी पाहिलं आणि पुढे आठ दिवस मोहल्ल्यात तोच विषय होता. पुढच्या डाव्या दांड्याला निवृत्तीअण्णा होता. माझा चुलतभाऊ, वय एकसष्ट. डावा पाय तो हल्ली घासत टाकतो. त्याच्या पायजम्याची त्या बाजूची शिवण आधी विरते, त्यावरून मला इतरांच्या आधी कळलं.

काही जण म्हणाले की मागच्यांनी वळायला उशीर केला. मागच्या डाव्या दांड्याला मी होतो. मी बँडच्या ठेक्यावर बरोबर पाऊल टाकत होतो, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. बँड या वर्षी पहिल्यांदा आणला. सूचना माझी होती. सर्वांना आवडला.

गुरुवार, ५ ऑक्टोबर

वयाची अट घालायची हे नक्की, पण आकडा कुठला? नरसिंगराव म्हणतात पंचावन्न, सरकारी नोकरीसारखं. देवाच्या सेवेला सरकारी आकडा मला बरा वाटत नाही. शिवाय उद्या कोणी विचारलं की पंचावन्नच का, तर काय सांगणार?

अण्णाला तोंडावर "तू नको" म्हणणं मला जमणार नाही. वडील गेल्यावर शिवण त्याने मला शिकवली. आकडा असला म्हणजे कोणी कोणाला नको म्हणत नाही, आकडा म्हणतो.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आकडा मिळाला, आणि कसा मिळाला ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

सकाळी चेऊलकरसाहेब आले. रेल्वेच्या वर्कशॉपात फोरमन आहेत, या एकतीस तारखेला रिटायर होतात. निरोपाच्या समारंभाला कोट हवा आहे. हे मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. म्हैसुरात त्यांचं प्रार्थनाघर नाही, घरीच प्रार्थना करतात. बारा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांचं मराठी ऐकायला माझ्या बायकोने, कमलाक्षीने, आतून दोनदा डोकावून पाहिलं होतं. आमच्यापेक्षा कितीतरी चोख. आज मी सहज म्हणालो, मशीन केट्टु गेली म्हणून उशीर होईल. ते हसले. "मशीन इंग्रजांची, केट्टु कानड्यांचं, आणि गेली तेवढी आपली, काय रंगराव?"

माप घेता घेता मी त्यांना आमची अडचण सांगितली. ते म्हणाले, अहो, आमच्या शास्त्रात याचा आकडाच दिलेला आहे. त्यांचे पूर्वज रानावनातून हिंडत होते तेव्हा देवाचं मंदिर म्हणजे एक तंबू होता. मुक्काम हलला की तो सोडायचा, न्यायचा, पुन्हा उभारायचा. हे काम लेवी नावाच्या कुळाकडे. त्यातल्या इतर घराण्यांना सामानासाठी बैलगाड्या दिलेल्या होत्या. पण सर्वांत पवित्र वस्तू ज्या घराण्याकडे होत्या त्यांना गाडी नाही. त्यांनी खांद्यावरच वाहायचं. आणि त्यासाठी वय तीस ते पन्नास.

मी टेप गळ्यात टाकली आणि खडूने कापडाच्या तुकड्यावर ३०–५० असं लिहिलं. पन्नास झाले की काय, असं विचारलं. "पन्नास झाले की ओझं खाली ठेवायचं," ते म्हणाले. "आणि त्याच्यापुढे असं आहे की—"

एवढ्यात दिवाळीचं कापड घेऊन दोन गिऱ्हाइकं आली. मी म्हणालो, साकु, एवढं पुरे साहेब, मला हवं ते मिळालं. त्यांनी बाहीच्या मापासाठी हात पुढे केला.

रविवार, ८ ऑक्टोबर

नियम वाचून दाखवला. "श्रींच्या पालखीस खांदा देणाराचे वय तीसहून कमी व पन्नासहून अधिक नसावे. पन्नास पूर्ण झालेल्याने पालखीच्या सेवेतून मोकळे व्हावे." आधार म्हणून यहुद्यांच्या शास्त्राचा उल्लेख केला. एकाने विचारलं की यहुद्यांचा आणि विठोबाचा काय संबंध. नरसिंगराव म्हणाले, "खांदा तो खांदाच." तिथे चर्चा संपली.

अण्णा खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं, आणि त्यामुळेच सगळे त्याच्याकडे पाहत आहेत असं वाटत होतं. तो म्हणाला, "सरी." थोड्या वेळाने विचारलं, "वळणावर मागच्यांना हाक कोण देणार?"

"आता बँड आहे की, अण्णा," नरसिंगराव म्हणाले. "एवढ्या वाजापात तुझी हाक ऐकणार कोण?" सगळे हसले. मीही हसलो. प्रश्न इतिवृत्तात 'इतर विषय' खाली नोंदवला.

घरी आल्यावर कमलाक्षीने एवढंच विचारलं की पुढच्या डाव्या दांड्याला आता कोण. म्हटलं, ते कमिटी ठरवेल. ती म्हणाली, "सरी." हा शब्द आज दोनदा ऐकला, दोन्ही वेळा त्याचा अर्थ 'ठीक आहे' असा वाटला नाही.

सोमवार, १६ ऑक्टोबर

दसरा संपला, राजवाड्याची गर्दी ओसरली. आज वयाची यादी करायला घेतली आणि नको झालं.

आमच्या लोकांकडे जन्माचा कागद कुठे असतो? शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते वय. गेल्या वर्षीपर्यंत स्वतःला साठीचा म्हणवून देवळात खुर्ची मागणारा एक जण आज शपथेवर सत्तेचाळीसचा झाला. दुसरा एक जण स्वतःच्याच हिशेबाने आपल्या धाकट्या भावापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. मी ते दाखवलं तर म्हणाला, धाकट्याचं चुकलं असेल.

तिशीची अट तर कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. आमचा नागराज सव्वीसचा. त्याच्या बरोबरीचे सगळेच गळाले. शेवटी तीस ते पन्नासमध्ये खात्रीने बसणारे तीन निघाले: बस कंडक्टर रणोजीराव, वय अडतीस, आणि वखारीतले दोघे भाऊ. चौथा मी. शाळेच्या दाखल्याप्रमाणे जन्म १९१८, म्हणजे एकोणपन्नास. चार दांडे, चार माणसं. देवाने मोजून दिल्यासारखं.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

पुढच्या डाव्या दांड्याची खांद्याची गादी नवी करायला घेतली. जुनीतला कापूस दगडासारखा झाला होता. उसवली तर आत आणखी एक गादी, तिच्या आत आणखी एक. दर वेळी कोणीतरी जुनी न काढता वरून नवी शिवत गेलं आहे. सगळ्यांत आतला टाका माझ्या वडिलांचा. लांब, किंचित तिरपा.

माप माझ्याच खांद्याचं घेतलं, जवळ तोच होता. पुढे कोण जाणार ते अजून ठरलेलं नाही. पण मागच्या जागी वीस वर्षं काढलेला माणूस पुढे येणं क्रमाला धरून आहे. वीस वर्षं मी विठ्ठलाची पाठ पाहिली आणि त्याच्यापलीकडे अण्णाची मान. रस्ता कधी दिसला नाही.

सुईत दोरा कमलाक्षीने ओवून दिला. हल्ली सुयांची भोकं बारीक येतात. तिने गादी माझ्या खांद्यावर टाचून पाहिली आणि मागे सरून बघत राहिली. अण्णाच्या सगळ्या शर्टांचा डावा खांदा मी अर्धा इंच उतरता कापतो, चाळीस वर्षांचा दांडा आहे तो. मी म्हणालो, आता नव्या माणसाचा खांदा सरळ असेल, गादी सरळच शिवतो.

"तुमचाही उतरलाय," ती म्हणाली.

रविवार, २२ ऑक्टोबर

शांताक्का कृष्णराजनगरहून आली. माझी थोरली बहीण. आल्या आल्या म्हणाली, ऐकलं ते खरं का, निवृत्तीला काढलंत? मी म्हटलं, काढलं नाही, नियम झाला. मग कोण उचलणार म्हणाली, तर मी यादी वाचून दाखवली.

माझं वय आलं तिथे ती हसायला लागली. इतकं हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "अरे, एकोणपन्नास कुठला? इन्फ्लुएन्झाच्या साली आजी गेली तेव्हा तू माझं बोट धरून नदीपर्यंत चालत आला होतास. वाटेत भूक लागली म्हणून रडलास. तान्ही पोरं चालतात होय?"

मी म्हणालो, दाखल्यावर १९१८ आहे.

"दाखल्यावर असेल. मास्तरांनी मला विचारलं, मी इन्फ्लुएन्झा म्हणाले. मला तेवढं एकच साल ठाऊक होतं. जर्मनीची लढाई लागली तेव्हाचा तू."

म्हणजे त्रेपन्न. नागराज तोंड फिरवून हसत होता. कमलाक्षी हसली नाही.

कायद्याने दाखला हाच पुरावा. शांताक्काची आठवण हा पुरावा नाही. यादीत बदल केला नाही.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

दिवाळीचं काम. लिहायला फुरसत नाही. गादी पूर्ण झाली. फडताळात ठेवली आहे, म्हणजे दार उघडलं की दिसते.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

संध्याकाळी चेऊलकरसाहेब नवा कोट घालूनच आले, बसला कसा ते दाखवायला. गळ्यात हार तसाच. छान बसला होता. मी विचारलं, आता उद्यापासून काय? म्हणाले, सर्वांत आधी शनिवार. शनिवारी काम करू नये हा त्यांचा धर्म, आणि रेल्वेत बत्तीस वर्षं शनिवार हक्काचा मिळाला नाही. आता प्रत्येक शनिवार त्यांचा. शिवाय नव्या फोरमनने विचारलं आहे, सोमवारी तासभर येऊन नव्या पोरांजवळ उभे राहाल का. हुकूम नाही, पगार नाही. जाणार म्हणाले.

मग माझ्या नियमाचं विचारलं. मी सगळं सांगितलं, अण्णाचंही सांगितलं. ते हार काढून हातात घेऊन बसले.

"रंगराव, त्या दिवशी तुम्ही अर्धं माप घेतलंत."

मी टेप गुंडाळू लागलो.

ते म्हणाले, पन्नास झाल्यावर ओझं वाहायचं नाही, हे खरं. पण लगेच पुढे लिहिलं आहे की त्याने आपल्या भावांबरोबर तंबूत सेवा करावी, राखण करावी. जड काम तेवढं नको. त्याला घरी पाठवा असं कुठेही नाही. आणि सुरुवातीचंही तसंच. एके ठिकाणी तीस लिहिलं आहे, दुसरीकडे पंचवीस. त्यांच्या जुन्या पंडितांनी अर्थ लावला की पंचविसाव्या वर्षी यायचं आणि पाच वर्षं नुसतं शिकायचं.

"शिकवायचं कोणी?" मी विचारलं.

"ते तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आणखी एक आहे. ही वयाची अट फक्त वाटचालीपुरती होती, खांद्यावर ओझं होतं तोवर. पुढे कायमचं मंदिर झालं. तिथे लेव्यांचं काम गाण्याचं, दारं राखण्याचं. तिथे वयाने कोणी बाद होत नसे. एकाच गोष्टीने होत असे. आवाज गेला तर."

कोटाच्या बाहीतला एक धागा बाहेर आला होता. मी तो कापला. ते गेले तेव्हा शेजारी फटाके लागले होते.

शनिवार, ४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आज अण्णाकडे गेलो.

तो ओसरीत बसून टाळांना नव्या दोऱ्या लावत होता. मी म्हटलं, अण्णा, नियम लिहिताना माझ्याकडून अर्धाच लिहिला गेला. खांदा नको हे खरं, गुडघा साथ देत नाही. पण पुढे चालायला हवास. वळणावर हाक द्यायला.

"आवाज आहे अजून," तो म्हणाला.

मी म्हटलं, आषाढीला दिली असतीस तर कदाचित—

तो दोरीला गाठ मारत होता. ती पूर्ण केली. "दिली होती की. तीनदा दिली."

मी म्हणालो, मला ऐकू आली नाही.

"नाहीच येणार. मध्ये बँड होता ना रे." एवढंच. आवाजात राग नव्हता, हवामान सांगावं तसं सांगितलं. "मी वळलो आणि तू सरळच आलास. दांड्याला तिढा पडला. गुडघा तेव्हा गेला, त्याच्या आधी नाही. मुकुट तरी राहिला."

मी विचारलं की कमिटीत का नाही बोललास. तो म्हणाला, "बोलून काय? त्यांनी विचारलं असतं, मागे कोण होतं."

वहिनीने कॉफी दिली. मी गरमच प्यायलो. जीभ अजून हुळहुळते आहे.

रविवार, ५ नोव्हेंबर

कमिटी बसली. मी नियमाचं नवं कलम वाचलं. पंचवीसपासून पाच वर्षं शिकाऊ, सोबत जाणत्याचा आवाज हवा. तीस ते पन्नास खांदा. पन्नासनंतर खांदा नाही, पण सेवा आहे: हाक, टाळ, राखण, शिकवणं. आणि वळणावर बँड थांबेल.

शेवटच्या कलमावर नरसिंगराव बिथरले. बँड थांबला तर मिरवणुकीची शोभा काय राहिली? आणि मागच्या मीटिंगला सगळं ठरलं असताना आता हे काय नवीन?

तेव्हा मी उभा राहिलो. वाचून दाखवायला काही नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावे ते कळेना. मी सांगितलं की आषाढीला पुढचे वेळेवर वळले. मागचा डावा चुकला. मागचा डावा मी. बँडही मीच आणला होता. हे सगळं इतिवृत्तातही तसंच लिहिलं आहे.

नरसिंगरावांनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. "सेक्रेटरी, हे आधी सांगायचं," ते म्हणाले.

मी म्हटलं, मला शनिवारी कळलं.

अण्णाने माझ्याकडे पाहिलं. हे पूर्ण खरं नाही हे त्यालाही कळलं असावं. आषाढीच्या दिवशी पालखी खाली ठेवल्यावर मी पहिल्यांदा पाहिलं ते स्वतःच्या पायांकडे. ते मी इथेही आजवर लिहिलं नव्हतं.

यादीतलं माझं वयही दुरुस्त केलं. त्रेपन्न. चौथा माणूस राहिला नाही. अण्णाच म्हणाला, मागचा डावा शिकाऊ चालेल, नागराजला द्या. मी वळवीन त्याला.

सोमवार, १३ नोव्हेंबर. कार्तिकी एकादशी

सकाळी साडेआठला पालखी निघाली.

पुढच्या डाव्या दांड्याला रणोजीराव. काल संध्याकाळी त्याला दुकानात बोलावून गादी त्याच्या मापाची करून दिली. दोन्ही बाजूंची शिवण उसवावी लागली, त्याचा खांदा माझ्यापेक्षा रुंद. आत वडिलांच्या हातची सगळ्यांत जुनी गादी तशीच ठेवली आहे. मागच्या डाव्याला नागराज. त्याने आज कारखान्यातून रजा घेतली. रोज संध्याकाळी बसमधून उतरून तो थेट अण्णाकडे जायचा आणि अंगणात एक बांबू खांद्यावर घेऊन वळायला शिकायचा. हे मला कमलाक्षीकडून कळलं.

अण्णा सर्वांत पुढे, हातात टाळ, डावा पाय घासत. माझं काम राखणीचं. मी पालखीच्या डाव्या अंगाला, मुकुटावर लक्ष ठेवून. चेऊलकरसाहेब वखारीसमोर फुटपाथवर उभे होते. सोमवार असल्यामुळे वर्कशॉपला निघाले होते म्हणे. मला पाहून त्यांनी मान हलवली.

कोपरा आला. मी हात वर केला. बँड थांबला. शेवटचा बाजा थोडा उशिरा थांबला, लोक हसले. मग एकदम इतकं शांत झालं की वखारीतला करवतीचा आवाज येऊ लागला. तोही कोणीतरी थांबवला.

अण्णाने हाक दिली. "मागे... हळू. डावा... खाली. खाली... आता वळा." लांबवून, प्रत्येक शब्दाला पाऊल पडेल एवढी जागा सोडून. नागराजने ओठ घट्ट मिटले होते. पालखी वळली. मुकुट केसभरही हलला नाही.

हाकेतल्या पहिल्या 'खाली'ला माझा डावा खांदा आपोआप खाली गेला. त्याच्यावर काही नव्हतं. तसाच मी चार पावलं चाललो, मग ध्यानात आलं. पलीकडून कमलाक्षी पाहत होती, तिने पदर तोंडाला लावला. पुढे रस्ता सरळ होता, आणि मला तो पूर्ण दिसत होता. तरी मी बँडला पुन्हा वाजवायची खूण लगेच केली नाही.